निरुद्धप्रकश : एका बालव्याधीची कथा

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएट रशियाशी १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून गेलेल्या मराठी कुटुंबांनीही त्या नव्या नगरात संसार मांडले. त्यांच्या सामानाबरोबर न्हाणीघरातल्या चालीही गेल्या. तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालताना शिश्नाच्या टोकावरील कातडी रोज थोडी मागे ओढावयाची, ही कित्येक घरांतली चाल त्यांपैकीच एक. मुलाला पुढे त्रास होऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु पुष्कळदा त्रासाचा आरंभ तेथूनच होतो.

या कातडीचे विकार आपल्याकडे फार प्राचीन काळी ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात त्यांची तीन नावे येतात. कातडीचे तोंड आकसून मणी उघडा होत नाही आणि मूत्राची धार मंद पडते, तो निरुद्धप्रकश. मागे सरकलेली कातडी मण्याखाली गाठीसारखी अडकून बसते, ती परिवर्तिका. आणि बळजबरीने कातडी फाटते, ती अवपाटिका. ओढाताणीने झालेल्या इजेला स्वतंत्र नाव देणाऱ्या या शल्यवेत्त्याची दृष्टी किती सूक्ष्म असली पाहिजे! निरुद्धप्रकशावर त्याचा उपाय सबुरीचा आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही बाजूंनी उघडी नळी तुपाने माखून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी तिच्याहून जाड नळी वापरावी. एवढ्याने न भागल्यास शिवण टाळून छेद घ्यावा.

मात्र एक गोष्ट त्यात सापडत नाही, आणि पुढील अनेक शतके ती युरोपातल्या वैद्यांनाही उमगली नव्हती. तान्ह्या मुलाची कातडी मागे जात नाही, हा मुळी रोगच नव्हे. १९४९ साली डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले की, जन्मतः शेकडा सुमारे ४ मुलांचीच कातडी पूर्ण मागे सरकते. ती मण्याला आतून चिकटलेली असते आणि वाढीबरोबर आपोआप सुटते. डेन्मार्कच्या याकोब ओस्टरने १९६८ साली शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांत शेकडा ६३ जणांना असे चिकटलेपण होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ते शेकडा ३ वर आले होते. म्हणजे न्हाणीघरातली घाई निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करणारी ठरते. ओढल्याने कातडीला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि नसलेला निरुद्धप्रकश खरोखरच उत्पन्न होतो.

मग वैद्याकडे न्यावयाचे केव्हा? लघवी करताना कातडी क्षणभर फुगते, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. परंतु तोंडाशी पांढरट, निबर कडे दिसू लागणे, धार तुटक होणे, लघवीस कुंथावे लागणे, वारंवार सूज, लाली वा पू येणे, ही खऱ्या व्याधीची लक्षणे होत. तीवर आज बहुधा स्टेरॉइडयुक्त मलम काही आठवडे लावून पाहतात; पांढरा व्रण पक्का झालेला असला तर मात्र शस्त्रक्रियाच करावी लागते.

परिवर्तिकेत सबुरी उपयोगाची नाही. सुश्रुताने तूप चोळून, शेकून, तीन किंवा पाच रात्री पोटीस बांधून मग कातडी हलकेच पुढे आणावयास सांगितले आहे. मणी दाबून कातडी पुढे घेण्याची युक्ती आजही तीच आहे. पण अडकलेल्या कड्याने मण्याचा रक्तपुरवठा खुंटतो, हे आता ठाऊक असल्याने रात्रभरही थांबत नाहीत. भिलाईतल्या आईबापांनी अशा वेळी तेलाची वाटी बाजूस ठेवून सेक्टर ९ मधील कारखान्याचे रुग्णालय गाठावे. तेथे आधी सूज दाबून उतरवितात आणि मगच कातडी पुढे घेतात.