मुंबईची वस्ती आणि मुंबईची पलटण

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत इतिहासाचा एक तरी लेख असावा, अशी कमिटीची इच्छा होती. विषय आम्ही निवडला. मुंबईत माणसं कुठून आणि किती आली, हे सांगणारी पुस्तकं आहेत. किल्ला, गोदी, आरमार यांची माहिती देणारीही आहेत. पण वस्ती आणि फौज या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आणि त्यात आपली माणसं कुठे होती, हे फारसं कुणी एकत्र सांगत नाही. आम्ही काही प्रोफेसर नव्हे. गिरणीत राबलेली आणि वाचनालयात बसून वाचलेली माणसं. तेव्हा जे वाचलं, तेच साध्या शब्दांत मांडतो.

बेटं, किल्ला आणि मैदानं

मुंबई म्हणजे मूळची सात बेटं. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली. ताबा घ्यायला आलेल्या शिपायांना पोर्तुगीजांनी लवकर ताबा दिला नाही. ती पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली आणि त्यातली बहुतेक माणसं रोगराईने मेली. उरलेल्यांनी १६६५ साली मुंबई ताब्यात घेतली. पुढे १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्या वेळची वस्ती अंदाजे १० हजार. गव्हर्नर आँजियरच्या काळात ती ६० हजारांवर गेली असं सांगतात. आँजियरने गोऱ्या शिपायांच्या जोडीला इथल्याच रहिवाशांची, विशेषतः भंडारी लोकांची फौज उभी केली. म्हणजे मुंबईत वस्ती आणि बंदूक एकदमच वाढत गेली.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून किल्ल्याभोवती खंदक खणायला पैसे दिले. तटाबाहेर घरं असली तर तोफांचा मारा अडतो, म्हणून किल्ल्यासमोरची घरं आणि झाडं हटवून मोकळं मैदान राखलं गेलं. सामान्य माणसाची वस्ती त्याच्या पलीकडे ढकलली गेली. तट १८६० नंतरच्या दशकात पाडले, पण मैदानं राहिली. आज आपण मोर्चा घेऊन जातो ते आझाद मैदान, पोरं क्रिकेट खेळतात ते ओव्हल आणि क्रॉस मैदान, ही सगळी त्या तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे.

कुलाबा तर लष्कराचंच. १८३८ साली कॉजवे झाला आणि कुलाबा मुंबईला जोडला गेला. तिथलं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं आहे. गोदीत लवजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी लढाऊ जहाजं बांधली. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं टिकलेलं ते लाकूड मुंबईच्या कामगारांनी तासलेलं आहे, हे विसरू नये.

पलटणीतली आपली माणसं

कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या गावांतून भरती होई. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा इथे लढलेली पलटण या मुंबई फौजेतलीच. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यांतली २२ नावं ‘नाक’ शब्दाने संपतात, ती आपली माणसं. त्याच दगडावर इतर जातीधर्मांच्या शिपायांचीही नावं आहेत. गावात ज्याला वेशीच्या आत मान नव्हता, त्याचं नाव सरकारी दगडावर इतरांच्या ओळीत बसलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण तलवारीपेक्षा मोठी एक गोष्ट पलटणीने दिली, ती म्हणजे शाळा. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय होती. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी झाला तोही महूच्या लष्करी छावणीत. ज्या घरात बाप शाळामास्तर आहे, त्या घरातलं पोर पुस्तकाला घाबरत नाही. आपल्या चळवळीची मुळं शोधायची तर या छावणीतल्या शाळेपर्यंत जावं लागतं.

मुंबईची फौज इंग्रजांशी कायम इमानी राहिली, असंही समजू नये. १८५७ च्या उठावाच्या वर्षी मुंबईतल्या काही देशी शिपायांनी दिवाळीच्या सुमारास उठायचा बेत केला होता. पोलीस अधिकारी फोर्जेटला सुगावा लागला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया यांना किल्ल्यासमोरच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिलं. आज ते आझाद मैदान. तिथून रोज लाखो माणसं लोकल पकडायला धावतात. किती जणांना ही दोन नावं ठाऊक असतील?

दार बंद झालं, भोंगा वाजला

पुढे इंग्रजांच्या डोक्यात ‘लढवय्या जाती’चं खूळ शिरलं. अमुक जात लढाऊ, तमुक जात नालायक, असं ठरवून १८९० नंतर आपल्या लोकांची भरती बंद केली. जिथे चार पिढ्या शिपाई निघाले, त्या घरांना एका हुकुमाने ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असं सांगितलं गेलं. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. उपयोग झाला नाही. पगार गेला, पेन्शन गेली आणि त्याहून वाईट म्हणजे पोरांची शाळा गेली.

मग ती माणसं गेली कुठे? आली मुंबईला. जी गावं पूर्वी पलटणीला माणूस देत होती, तीच आता गिरणीला आणि गोदीला देऊ लागली. पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार भरली. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १८७२ ला वस्ती ६ लाख ४४ हजारांवर आली. हजारो मैलांवरच्या लढाईने आपल्या शहराची माणसं वर-खाली होतात ती अशी.

१८९६ साली प्लेग आला. १८९७ साली सरकारने प्लेग कमिटी नेमली, तिचा प्रमुख कोण, तर ब्रिगेडियर जनरल गॅटेकर. डॉक्टरचं काम लष्कराच्या हाती! घराघरांतून झडत्या झाल्या, माणसं उचलून इस्पितळात आणि छावण्यांत नेली. लाखो लोक गावाला पळाले. १९०१ च्या शिरगणतीत वस्ती ७ लाख ७६ हजार होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. गिरण्यांनी पुन्हा माणसं ओढली आणि १९२१ ला आकडा पावणेबारा लाखांवर गेला. पण त्यात पुरुषांच्या मानाने बायका जवळपास निम्म्याच. नवरा खोलीत, बायको गावाला. हीसुद्धा एक प्रकारची बराकच म्हणायची.

सुभेदार रामजी १९०४ च्या सुमारास मुलांना घेऊन मुंबईला आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. पलटणीतून चाळीत आलेल्या हजारो घरांपैकी ते एक. गिरणीतही जात आडवी आलीच. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. आणि १९२७ ला महाडला जे निर्भयपणे पुढे झाले, त्यांत पेन्शनर सैनिक होतेच. कवायत अंगात मुरलेली माणसं ती.

दोन युद्धं आणि एक उठाव

इंग्रजांना गरज पडली की आपण पुन्हा लढवय्ये! १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी केली, युद्ध संपताच मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही देशाच्या सेवेत आहे.

युद्ध मुंबईच्या घरात शिरलं ते १४ एप्रिल १९४४ ला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, शेकडो गोदी कामगार आणि रहिवासी मेले, हजारो बेघर झाले. आपण त्या तारखेला जयंती साजरी करतो, तेव्हा त्या कामगारांचीही आठवण ठेवावी.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध काम थांबवलं. हां हां म्हणता उठाव दुसऱ्या बंदरांत पोचला. २२ तारखेला मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी बाहेर पडले. लष्कराने आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती पडली. दोन दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली, त्यांतली बहुतेक चाळीतली. फौजेतला माणूस आणि चाळीतला माणूस एकमेकांसाठी उभे राहिल्याचं एवढं मोठं उदाहरण या शहरात दुसरं नाही.

आजची मुंबई

फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत निर्वासित आले. कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं, चेंबूर आणि शीव कोळीवाड्यालाही तसेच कॅम्प वसले. आजच्या हद्दीप्रमाणे १९५१ ला सुमारे ३० लाख असलेली मुंबई २०११ च्या शिरगणतीत १ कोटी २४ लाखांवर गेली. जुन्या शहरात मात्र जेमतेम ३१ लाख, बाकीचे उपनगरांत. गिरण्या बंद पडल्या तसा आपला माणूस विरार, कल्याण, अंबरनाथकडे सरकला.

आरमार मात्र जागेवर आहे. नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय मुंबईतच आहे. किल्ल्यातल्या जुन्या कॅसल बॅरक्सला १९५१ साली आंग्रे हे नाव मिळालं. ज्या कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत, त्यांचं नाव इंग्रजांच्याच किल्ल्याला! तरीही २६ नोव्हेंबर २००८ ला दहा अतिरेकी समुद्रातून होडीने उतरले, ते मच्छीमारांच्या वस्तीपाशी. नुसती जहाजं असून किनारा राखला जात नाही, किनाऱ्यावरचा माणूसही जागा लागतो, हे त्या रात्री कळलं.

तात्पर्य काय? सरकारची गरज बदलली की शिपायाची भाकर जाते, गिरणीचा मालक बदलला की कामगाराची जाते. पलटणीतल्या शाळेत मिळालेलं अक्षर मात्र कुणाला हिरावून घेता आलं नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कुणाचे आजोबा, पणजोबा पलटणीत, गोदीत, आरमारात होते? जुनी पेन्शनची कागदं, बिल्ले, फोटो ट्रंकेत कुजू देऊ नका. नाव, गाव, पलटण एका वहीत उतरवून विहारात आणून द्या. कोरेगावच्या दगडावर २२ नावं तरी राहिली. बाकीची आपणच लिहायची आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!