छपरावरचा सूर्य आणि सवलतीची मुदत

अमेरिकेत घरावर सौरविद्युत यंत्रणा, सौरबंब किंवा छोटी पवनचक्की बसवणाऱ्या घरमालकाला त्या खर्चाच्या ३० टक्के इतकी सूट आयकरात मिळत असे. ही तरतूद ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात आली. २०२२ च्या कायद्याने तिला २०३४ अखेरपर्यंतचे आयुष्य दिले होते. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ते नऊ वर्षांनी कमी केले. अर्थकारणातील एक बातमी एवढ्यापुरतेच या घटनेकडे पाहिले, तर तिच्यातील एक महत्त्वाचा धागा हातून सुटतो. याच स्वरूपाची पहिली सवलत बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, ३१ डिसेंबर १९८५ रोजी संपली होती. एकच गोष्ट एकाच तारखेला दोनदा हरवते, तेव्हा या योगायोगापलीकडे काही आहे का, हे पाहणे इतिहासाच्या वाचकाचे काम ठरते.

प्रथम सवलतीचे स्वरूप पाहू. आपल्या परिचयाची ‘वजावट’ ही बहुधा उत्पन्नातून होते आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. येथे सूट थेट करातून मिळे. ३०,००० डॉलर खर्चून यंत्रणा बसवली, तर भरावयाच्या करातून ९,००० डॉलर कमी होत. एका वर्षाच्या करात ती रक्कम सामावली नाही, तर उरलेली पुढील वर्षी वळती करता येई. मात्र ज्याचे उत्पन्न इतके तुटपुंजे की त्याला आयकरच लागत नाही, त्याच्या पदरात काही पडत नसे. म्हणजे सूर्य सर्वांचा असला, तरी सवलत मुख्यतः छप्पर आणि करपात्र उत्पन्न या दोन्ही गोष्टी असणाऱ्यांची होती. विरोधकांचा हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

या सवलतीचा जन्म टंचाईत झाला. १९७३ च्या अरब तेलबंदीने अमेरिकेला पेट्रोलपंपांवरील रांगा दाखवल्या. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १९७८ मध्ये, ऊर्जा-कर कायदा झाला. त्यात घरगुती सौर व पवन यंत्रणांच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर ३० टक्के आणि पुढील ८,००० डॉलरवर २० टक्के सूट होती. १९८० मध्ये ती १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर सरसकट ४० टक्के करण्यात आली. मुदत मात्र आरंभापासून ठरलेली होती : १९८५ अखेर.

या दोन कायद्यांच्या दरम्यान, २० जून १९७९ रोजी, व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारे ३२ सौरपट्ट बसवण्यात आले. त्या प्रसंगीचे कार्टर यांचे भाषण साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावे असे आहे. शतकाअखेर देशाची २० टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळावी, असे उद्दिष्ट त्यांनी मांडले. पण त्याच भाषणात, एका पिढीनंतर हे यंत्र संग्रहालयातील एक कुतूहलाची वस्तू, न चोखाळलेल्या वाटेची खूण होऊन राहील, ही शक्यताही बोलून दाखवली. नाटकात पहिल्या अंकातील एखादे वाक्य शेवटच्या अंकात खरे ठरते, तसेच येथे घडले. रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८६ मध्ये, छपराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ते पट्ट उतरवले गेले आणि पुन्हा चढवले गेले नाहीत. पुढे त्यांतील काही मेन राज्यातील युनिटी कॉलेजच्या उपाहारगृहावर पाणी तापवू लागले. आणि एक पट्ट खरोखरच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन पोचला.

पट्ट उतरवण्याचे दृश्य प्रतीक म्हणून प्रभावी आहे. पण खरी पडझड घरोघरीच्या छपरांवर झाली. सवलत संपली आणि १९८६ च्या आरंभी तेलाचे भावही कोसळले. या दुहेरी आघातात सौरबंबांचा धंदा बसला. सवलतीच्या लोभाने या व्यवसायात शिरलेले कच्चे कारागीर आणि भुरटे विक्रेते गेले, त्यांचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्यांच्याबरोबर चांगले कारागीरही गेले. लोकांच्या छपरांवर यंत्रे राहिली आणि ती दुरुस्त करणारी माणसे राहिली नाहीत. गळणारा, बंद पडलेला सौरबंब हीच मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी सौरऊर्जेची साक्ष ठरली.

त्याच काळात इस्रायलने निराळी वाट धरली. १९८० पासून तेथे नव्या निवासी इमारतींवर सौरबंब बसवणे कायद्याने बंधनकारक झाले. सौरबंब हा तेथे घराचा, नळ किंवा जिना यांच्यासारखाच, भाग बनला. नियम अंगवळणी पडतो. सवलत मात्र दर काही वर्षांनी आपले अस्तित्व नव्याने सिद्ध करीत बसते.

अमेरिकेत २००५ च्या कायद्याने सवलत परतली : ३० टक्के, पण कमाल २,००० डॉलर. २००८ मध्ये सौरविद्युत यंत्रणांवरील ही कमाल मर्यादा उठवण्यात आली आणि मुदत २०१६ पर्यंत वाढली. पुढे २०१५, २०२० आणि २०२२ मध्ये पुन्हा मुदतवाढ झाली. प्रत्येक वेळी अखेरची तारीख जवळ आली की घाई, आणि वाढवून मिळाली की निःश्वास. यंत्रणांच्या किमती आता पुष्कळ उतरल्या आहेत, मग आधार कशाला, असे सवलतीचे विरोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. क्रमाक्रमाने दर उतरवत नेणे हे त्याचे उत्तर असू शकले असते. २०२२ च्या कायद्यात २०३३ साठी २६ आणि २०३४ साठी २२ टक्के, अशी ती उतरंड लिहिलेलीही होती. २०२५ च्या कायद्याने ती पायऱ्यांसकट मोडली. कंपनीच्या मालकीची यंत्रणा भाड्याने घेण्याचा मार्ग, व्यवसायांसाठीच्या वेगळ्या तरतुदीमुळे, काही काळ उरला. कर्ज काढून स्वतःच्या छपराचे स्वतः मालक होऊ पाहणाऱ्याचा आधार मात्र आधी गेला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सवलत ही कायमची नसावी, हे मान्य करता येईल. परंतु घरावरची यंत्रणा वीस-पंचवीस वर्षे चालावयाची असते आणि तिचा हिशेब मांडणारे कुटुंब राज्यसंस्थेच्या शब्दावर विसंबून तो मांडत असते. २०३४ हे वर्ष छापलेला कायदा २०२५ मध्ये संपतो, तेव्हा ९,००० डॉलरपेक्षा मोठे काहीतरी खर्ची पडते. पुढच्या वेळी अशी सवलत येईल, आणि इतिहास पाहता ती येईलही, तेव्हा तिच्यावर छापलेल्या तारखेवर लोक किती विश्वास ठेवतील, हा प्रश्न १९८५ ने मागे ठेवला होता. २०२५ ने तो अधिक अवघड करून ठेवला आहे.