दोन दुष्काळ आणि पंडिता रमाबाई



आपल्या हिंगोली भागात बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट अजून निघते. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायला गेलेल्या बाया. आज त्याच्याही शंभर वर्षं मागचा दुष्काळ सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष घेतला. आईनं पुढं लेकीला शिकवलं. पुराणं सांगत, तीर्थं करत हे कुटुंब पायी फिरायचं. नवससायास, उपासतापास, दानधर्म, काही सोडलं नाही. मग दुष्काळ पडला. वडील गेले. आई आजारी पडली ती रायचूरला, आपल्यासारखंच तेव्हा निजामाच्या राज्यातलं गाव. पोरीनं लाजत शेजारी भाकरीचा तुकडा मागितला. आईला तो गिळता आला नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी, म्हणून डोक्यावर घेतली. थोरली बहीणही गेली. एवढं देवाचं करूनही हे का, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथून राहिला.

पुढचं भरभर सांगते. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, मग भाऊ गेला, लग्न, लेक मनोरमा, आणि १८८२ मध्ये नवराही गेला. १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या. तिथं ख्रिस्ती जोगिणी समाजानं टाकलेल्या बायांना मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असं का करता, म्हणून विचारलं. उत्तरात विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मान तुकवून नाही हं! तिथल्या धर्मगुरूंशी, जोगिणींशी त्या पत्रांतून भांडत राहिल्या, शाकाहारही सोडला नाही.

परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथं १८९३ मध्ये वाद पेटला. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, बाटवतील, असं लोक म्हणू लागले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची भीती खोटी नव्हती, काही मुली खरंच ख्रिस्ती झाल्या. पण विधवा लेकीला दुसरा आसरा कोण देणार होतं, हे मात्र थोड्यांनीच विचारलं.

१८९६ला पुन्हा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या हालांच्या बातम्या आल्या. अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची, तीही उच्च जातीच्या विधवांसाठी. हाती पैसा नाही, जागा नाही. तरी त्या निघाल्या. आपणही अशीच भूक काढली आहे, ही आठवण त्यांना बसू देईना. जात न विचारता त्यांनी सुमारे ३०० मुली-बाया आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून केडगावच्या माळावर, दौंडजवळ, आधी तंबू-झोपड्या आणि मग 'मुक्ती' उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, संख्या दीड हजारावर गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळ घालायचं म्हणजे काय, ते बचत गटाचा स्वयंपाक केलेल्या बाईनं सांगावं. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू केला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचायला शिकवत.

आई-बाप गेले त्या 'का'चं उत्तर रमाबाईंना पोथीत मिळालं, असं मला वाटत नाही. केडगावच्या चुलीपाशी ते थोडंफार मिळालं असावं.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक त्या त्यासाठीच शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळावी अशी साधी मराठी हवी, हा हट्ट. वाचायला ते भाषांतर जरा खडबडीतच लागतं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती लेक गेली तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. छापखाना मुक्तीचाच होता, आणि खिळे जुळवणारे हात तिथल्याच बायांचे.