काचेतला समुद्र आणि बाहेरचा किनारा

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तिच्यात प्रवाळ नाहीत. दगड, वाळू, हिरवे समुद्रशैवाल आणि मोजके मासे, एवढाच तिचा संसार. गेल्या वर्षी विभागातील सहकाऱ्यांनी तिची फेरमांडणी करायचे ठरवले, तेव्हा आम्हां दोघांना मदतीला बोलावले. मराठी शिकवणाऱ्यांना मांडणी कळते, असा त्यांचा समज असावा, आणि आम्हीही तो खोडून काढला नाही. आम्ही दगड उचलले, मागचे पुढे आणले, शैवालाचा पुंजका मधोमध ठेवला आणि वाळू सारखी केली. सारखी करताना ती तळापर्यंत ढवळली गेली. खालचा थर काळा निघाला आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन क्लाउन मासे पाण्यावर तरंगत होते.

जुन्या, जाड वाळूच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. ही गोष्ट आम्हांला नंतर समजली. आम्ही फक्त दृश्य पाहिले होते. ते दृश्य ज्याच्यावर उभे होते, त्याकडे आमचे लक्षच नव्हते. साहित्याच्या वर्गात ज्या चुकीबद्दल आम्ही विद्यार्थ्यांना टोकतो, नेमकी तीच चूक आमच्या हातून दोन जिवांवर बेतली. त्या अपराधी भावनेतून आम्ही या काचेच्या पेटीचा इतिहास वाचू लागलो. तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा इतिहास आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये असा आहे.

समुद्री जीव काचेत ठेवून पाहण्याची कल्पना एकाच व्यक्तीची नाही. सिसिलीतील मेसिना येथे राहणाऱ्या झान विलप्रू-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने 1832च्या सुमारास आर्गोनॉट या अष्टपाद प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. तो प्राणी आपले कवच स्वतः घडवतो की दुसऱ्याचे बळकावतो, असा तेव्हाचा वाद होता. ते कवच त्याचे स्वतःचेच असते, हे तिने निरीक्षणाने दाखवून दिले. पुढे 1846 मध्ये ॲना थिन या इंग्लिश स्त्रीने टॉर्की येथून काही प्रवाळजीव लंडनला आणले. पाणी बदलायला समुद्र जवळ नव्हता. म्हणून घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढच्या वर्षी थिनबाईंनी समुद्रशैवाल मागवले आणि त्या पाण्यात सोडले. त्यांचे प्रवाळजीव काही वर्षे जगले. मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव आहे. ज्या हातांनी ते पाणी जिवंत ठेवले, ती बाई मात्र ‘घरातली मोलकरीण’ एवढीच उरली आहे.

या प्रयोगांना शास्त्राचा पाया दिला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकात प्रीस्टली आणि इंगेनहौझ यांनी दाखवले होते. नॅथॅनिएल वॉर्डने बंद काचपेटीत झाडे जगतात हे सिद्ध करून 1842 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले होते. याच वॉर्डच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युनने पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात पाठवली. 1845 मध्ये इंग्लंडमधील काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. अशा वेळी वॉरिंग्टनने गोड्या पाण्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्याने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली, आणि त्यांची अंडी माशांच्या उपयोगी पडली. 1850 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि लवकरच तो खाऱ्या पाण्याकडे वळला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या त्रिकुटातून ‘संतुलित मत्स्यालय’ ही कल्पना जन्मली. आमच्या मते तिचा खरा नायक तो तिसरा, सर्वांत कुरूप घटक आहे. मासा आणि वनस्पती यांच्या देवाणघेवाणीचे सुंदर रूपक कोणालाही सुचेल; कुजण्याला रचनेत जागा देणे कोणाला सुचत नाही.

या कल्पनेला वाङ्मयीन रूप दिले फिलिप हेन्री गॉसने. 1810 मध्ये जन्मलेला हा निसर्गअभ्यासक प्रकृती सुधारावी म्हणून 1852 मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि 1854 मध्ये गॉसचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ आला. त्याआधी या वस्तूला ‘व्हिव्हेरियम’, ‘ॲक्वा-व्हिव्हेरियम’ अशी अवजड नावे होती. ‘अक्वेरियम’ हा मूळ लॅटिन शब्द गुरांच्या पाणवठ्यासाठी होता. गॉसने त्याला नवा अर्थ दिला आणि तो जगभर रूढ झाला. एका गोठ्यातल्या शब्दाने दिवाणखान्यात मानाची जागा मिळवली.

गॉसच्या ग्रंथातील मांडणीचा विचार आजही वाचण्यासारखा आहे. समुद्रशैवालाला खरे मूळ नसते. ज्या पकडीने ते खडकाला धरून असते ती फक्त आधार देते, अन्न शोषत नाही. म्हणून शैवाल उपटून आणले तर ते सडते. गॉस हातोडी-छिन्नी घेऊन ओहोटीच्या वेळी खडकावर जाई आणि शैवालासकट खडकाचा तुकडा फोडून आणी. म्हणजे अशा टाकीची फेरमांडणी ही झाडांची नसते, दगडांची असते. निवडीतही त्याचा कटाक्ष होता. उल्वासारखी हिरवी शैवाले आणि काही तांबडी चालतील. मोठी तपकिरी शैवाले नकोत, कारण ती चिकट स्राव सोडून पाणी नासवतात. किनाऱ्यावर जे सर्वांत भरघोस दिसते तेच काचेत सर्वांत घातक ठरते. माशांबाबतही तसेच. खरबा, ब्लेनी, बोय यांची लहान पिल्ले बरी. मोठा मासा किंवा भांडखोर खेकडा आला की बाकीच्यांची धडगत नाही.

या पुस्तकांनी वाचकवर्गाला वेड लावले. 1855 मध्ये चार्ल्स किंग्जलीचे ‘ग्लॉकस’ आले. शर्ली हिबर्डने 1856 मध्ये घर सजवण्याच्या आपल्या पुस्तकात मत्स्यालयाला स्थान दिले. त्याच वर्षी जॉर्ज हेन्री लुइस आणि मेरियन इव्हान्स हे दोघे इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावर समुद्री जीव गोळा करत हिंडत होते. त्या मुक्कामावर मेरियनने एक टिपणही लिहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने पहिली कथा लिहायला घेतली आणि पुढे ती जॉर्ज एलियट झाली. खडकातील डबक्यांनी कादंबरीकार घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही छोट्या परिसरातील जिवांचे परस्परसंबंध धीराने न्याहाळण्याची ती दृष्टी तिच्या कादंबऱ्यांच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

गॉस श्रद्धाळू होता. काचेतले संतुलन त्याच्या लेखी ईश्वरी योजनेचा पुरावा होते. 1857 मध्ये त्याची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी त्याने ‘ऑम्फलॉस’ प्रसिद्ध केले. सृष्टी निर्माण होतानाच तिच्या अंगी जुन्या काळाच्या खुणा होत्या, असा त्यातील युक्तिवाद. तो शास्त्रज्ञांना पटला नाही आणि श्रद्धाळूंनाही रुचला नाही. आम्हांला मात्र त्यात मत्स्यालयवाल्याचे मन दिसते. टाकी ज्या क्षणी मांडून पूर्ण होते, त्या क्षणी ती नेहमीपासून तशीच होती असे दिसावे, हीच तर त्याची आकांक्षा असते.

या कथेतला सर्वांत कठोर समीक्षक गॉसच्या घरातच होता. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने 1907 मध्ये ‘फादर अँड सन’ हे आत्मपर पुस्तक आधी निनावी प्रसिद्ध केले. बापाच्या पुस्तकांनी वेडावलेल्या संग्राहकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर आल्या, आणि बालपणी पाहिलेली ती खडकांतील निर्मळ डबकी उजाड झाली, असे दुःख त्याने त्यात मांडले आहे. त्याने रंगवलेले बापाचे चित्र कितपत विश्वसनीय, हा प्रश्न ॲन थ्वेट यांनी 2002 मधील फिलिप गॉसच्या चरित्रात समर्थपणे उपस्थित केला आहे. किनाऱ्याच्या हानीचे सारे खापर एका लेखकावर फोडणेही न्याय्य नाही. रेल्वेने आलेले पर्यटक आणि काचसामान विकणारे दुकानदारही त्यात होते. पण मुलाच्या तक्रारीतील मर्म टिकते. संतुलित म्हणवणारी ती पेटी कधीच स्वयंपूर्ण नव्हती. आत काही मेले की त्याची जागा भरायला कोणीतरी पुन्हा हातोडी घेऊन खडकावर जाई. आतल्या सुंदर वाक्याचा खर्च बाहेरच्या किनाऱ्याने उचलला होता.

विल्यम आल्फर्ड लॉइड हा अशा वस्तूंचा लंडनमधील मोठा व्यापारी. त्याचा धंदा 1862 मध्ये बुडाला; पुढे तो मोठी मत्स्यालये बांधू लागला. 1871 मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांखाली कितीतरी मोठा, अंधारा जलसाठा ठेवला आणि पाणी सतत फिरते राखले. वनस्पतींवरची भिस्त कमी झाली. जे दिसते त्याचे आयुष्य जे दिसत नाही त्यावर अवलंबून राहिले. दगड आणि वाळूतील सूक्ष्म जिवाणू माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे रूपांतर करतात, हे ज्ञान विनोग्राड्स्कीच्या 1890च्या सुमाराच्या संशोधनानंतर स्पष्ट होत गेले. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातील जिवंत दगड वापरून टाकी राखण्याची रीत मांडली, तीही याच अदृश्य वस्तीवर उभी होती. वॉरिंग्टनच्या त्रिकुटात चौथा घटक होता आणि तो कोणालाच दिसला नव्हता. आम्ही ढवळली ती त्याचीच वस्ती.

काच आणि किनारा यांच्यातला व्यवहार उलट दिशेनेही होतो. कॅलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयांत मिरवणारे देखणे शैवाल 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळले, आणि तेथून भूमध्य समुद्राच्या तळावर पसरत गेले. 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियातही सापडले. तेथून ते पूर्ण उखडल्याचे जाहीर व्हायला 2006 साल उजाडले. पहिल्या शतकात किनारा काचेत रिकामा होत होता. पुढच्या शतकात काच किनाऱ्यावर सांडली.

हे सारे आमच्या टाकीपासून दूर नाही. मुंबईत 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कितीतरी मराठी मुलांनी समुद्राचे पोट पहिल्यांदा काचेतूनच पाहिले. मालवणचा किनारा 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. 2001 मध्ये प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. शैवालाच्या टाकीला समुद्रघोडा शोभून दिसतो, हे खरे. पण तो निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि नसावा.

आता फेरमांडणी पुन्हा झाली आहे. या वेळी वाळूला हात लावला नाही. दगड एकेक करून, आठवड्याच्या अंतराने हलवले. किटोमॉर्फा हे गुंतवळासारखे शैवाल एका कोपऱ्यात ठेवले. वाढले की ते थोडे काढायचे, म्हणजे त्याने शोषलेली घाणही त्याबरोबर बाहेर जाते. कापलेले शैवाल नाल्यात टाकायचे नाही, वाळवून फेकायचे, अशी सूचना भिंतीवर लावली आहे. टँग आणावा असे काही विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. तो शैवाल खाऊन फस्त करील, आणि त्याला पोहायला ही टाकीही अपुरी, म्हणून नकार दिला. समुद्रातून पकडलेले मासे न घेता पैदास केंद्रात वाढलेली क्लाउनची एक जोडी तेवढी आणली. गोगलगायी पाच आहेत.

टाकी पूर्वीपेक्षा कमी देखणी दिसते, हे आम्ही मान्य करतो. मधली जागा रिकामी आहे, आणि पाहायला येणारे विचारतात की तिथे काय ठेवणार. आम्ही सांगतो, तूर्त काही नाही. त्या वाळूखाली जे आहे, त्याला आणखी काही महिने शांतपणे राहू द्यायचे आहे.