समुद्रकाठचा धातुशोधक



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. त्याच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते, आणि समुद्रस्नानाच्या वेळी गुडघाभर पाण्यात त्याच्या पत्नीच्या बोटातील लग्नाची अंगठी गळून पडली होती. त्याने घाईघाईने एक धातुशोधक यंत्र विकत आणले. अंगणात ते उत्तम चाले. मातीत पुरून ठेवलेले नाणे अचूक दाखवी. परंतु ओल्या वाळूवर नेताच ते जे किंचाळू लागे, ते थांबतच नसे. "सर, यंत्र बिघडले की काय?" असा त्याचा प्रश्न होता.

यंत्र बिघडलेले नव्हते; समुद्रालाच ते धातू समजत होते. असे का व्हावे आणि समुद्रकाठी कोणते यंत्र घ्यावे, हे त्याला सांगता यावे म्हणून मी या यंत्राचा इतिहास वाचावयास घेतला. त्या इतिहासातून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. धातू ओळखणे ही या यंत्राची खरी अडचण कधीच नव्हती. भोवतालच्या पसाऱ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकणे, हीच त्याची अडचण होती.

या यंत्राची पहिली प्रसिद्ध परीक्षा रुग्णशय्येजवळ झाली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. तेव्हा गोळी नेमकी कोठे आहे हे पाहण्याचा मार्गच नव्हता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अहोरात्र खपून एक उपकरण सिद्ध केले. तारेच्या वेटोळ्यांतून सतत बदलता विद्युतप्रवाह सोडावयाचा. जवळ धातू आला की वेटोळ्यांमधील समतोल ढळतो आणि टेलिफोनच्या श्रवणिकेत आवाज उमटतो. ज्यांच्या अंगात युद्धातील गोळ्या राहिल्या होत्या अशा सैनिकांवर बेल यांनी ते तपासून पाहिले होते. तरीही अध्यक्षांच्या शय्येपाशी ते अपयशी ठरले. त्यांची गादी पोलादी तारांच्या जाळीची होती आणि त्या तारांमुळे आवाज सर्वत्रच येत राहिला. शिवाय प्रमुख वैद्यांनी शरीराच्या उजव्या बाजूचीच तपासणी करू दिली, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड निवर्तले. यंत्र चांगले होते. त्याच्याखाली काय पसरले आहे याचा विचार झाला नव्हता.

पुढे सुमारे ५० वर्षांनी गेरहार्ड फिशर नावाचा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला अभियंता रेडिओलहरींच्या साहाय्याने दिशा शोधण्याच्या यंत्रावर काम करीत होता. जेथे जमिनीत धातूची खनिजे असत तेथे त्याचे यंत्र चुकीची दिशा दाखवी. इतरांनी जी चूक म्हणून टाकून दिली असती तिचाच त्याने उपयोग करून घेतला आणि हाती वागवता येईल असा धातुशोधक तयार केला. त्याचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले.

नंतर दुसरे महायुद्ध आले. आपला देश नाझींच्या ताब्यात गेल्यामुळे स्कॉटलंडमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सैन्यातील लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ च्या सुमारास भूसुरुंग शोधणारे यंत्र रचले. त्याचे वजन सुमारे १४ किलो होते. एकटा शिपाई ते चालवू शके. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रे ब्रिटिश सेनेच्या हाती होती. कोसात्स्की यांनी पेटंट घेतले नाही; यंत्र ब्रिटिश सैन्याला विनामूल्य देऊन टाकले. राजे सहावे जॉर्ज यांचे आभाराचे पत्र हेच त्यांचे पारितोषिक. तेथे भोवती होती वाळवंटाची कोरडी वाळू. ती यंत्राशी बोलत नाही, म्हणून यंत्राला सुरुंगाचा आवाज ऐकू येई.

युद्ध संपले आणि असली यंत्रे भंगाराच्या भावाने विकली जाऊ लागली. त्यांपैकी एक १५ डॉलरला घेणारा गृहस्थ म्हणजे फ्लोरिडातील घरबांधणीचा व्यवसाय करणारा किप वॅग्नर. त्याची कथा समुद्रकाठच्या प्रत्येक शोधकाने ऐकावी अशी आहे.

२४ जुलै १७१५ रोजी क्यूबातील हवाना बंदरातून स्पेनची ११ जहाजे चांदी-सोने घेऊन मायदेशी निघाली. सोबत एक फ्रेंच जहाज होते. ३० जुलैच्या रात्री फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांना तुफानाने गाठले. पहाटेपर्यंत स्पेनची अकराही जहाजे फुटली, सुमारे १,००० माणसे मृत्युमुखी पडली. फ्रेंच जहाज तेवढे वाचले. स्पॅनिश लोकांनी किनाऱ्यावर तळ ठोकून बरीच संपत्ती परत काढली. उरलेली वाळूने गिळली.

वॅग्नर राहत असे त्या सेबॅस्टियन गावाजवळच्या किनाऱ्यावर वादळानंतर काळवंडलेली चांदीची नाणी सापडत. त्याने एक बारीक गोष्ट हेरली. १७१५ नंतरच्या सालाचे एकही नाणे त्यांत नव्हते. जाणकारांचे मत मात्र असे की, हा तांडा तेथून पुष्कळ दक्षिणेस बुडाला. वॅग्नरने ते मुकाट्याने मान्य केले नाही. त्याच्या एका डॉक्टर मित्राने बर्नार्ड रोमन्स यांचा १७७५ सालचा फ्लोरिडाविषयीचा ग्रंथ शोधून काढला. त्यातील नकाशावर तांडा बुडाल्याची जागा नोंदलेली होती, आणि ती सेबॅस्टियनजवळचीच होती. स्पेनमधील सेव्हिलच्या दप्तरखान्यातूनही जुन्या कागदांची छायाचित्रे मागविण्यात आली.

आता यंत्राचा उपयोग पाहा. वॅग्नर ते घेऊन लाटांत शिरला नाही. किनाऱ्यामागच्या उंच, कोरड्या जमिनीवर तो फिरला. तेथे जहाजाचे खिळे आणि तोफेचे गोळे लागले, आणि स्पॅनिश लोकांचा जुना तळ सापडला. त्याच जागी हिरे जडविलेली एक सोन्याची अंगठीही मिळाली. समुद्रातील तोफा मात्र त्याने मोटारीच्या फुगविलेल्या रबरी नळीवर तरंगत, पाण्यात डोळे घालून शोधल्या. जेथे यंत्र चालत होते तेथे यंत्र, जेथे चालत नव्हते तेथे डोळे, असा त्याचा विवेक होता. पुढे त्याच्या मंडळीने १९६४ साली समुद्रतळावरून १,००० हून अधिक सोन्याची नाणी वर काढली. मिळालेल्या वस्तूंचा चौथा हिस्सा फ्लोरिडा राज्याकडे जात असे.

ओल्या वाळूची अडचण कशी सुटली, हे आता सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे यंत्राच्या लहरी त्यात पातळ धातूप्रमाणेच क्षीण प्रवाह निर्माण करतात. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या यंत्राला मीठ कोणते आणि नाजूक अंगठी कोणती हे उमगत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे यंत्र याच जातीचे होते. कोरड्या वाळूसाठी ते पुरेसे आहे. खाऱ्या पाण्याच्या कडेसाठी नाही.

यावर दोन उपाय निघाले. पहिला स्पंदपद्धतीचा; १९६० च्या दशकात इंग्लंडात पुराणवस्तूंच्या शोधासाठी तो पुढे आला. यंत्र विजेचा एक क्षणिक ठोका देते आणि किंचित थांबून मग कान लावते. खाऱ्या पाण्यातील प्रवाह तेवढ्यात विरून गेलेला असतो. धातूतील रेंगाळत असतो. लोखंड व सोने यांतील भेद मात्र हे यंत्र नीट सांगू शकत नाही, म्हणून प्रत्येक आवाजाला खणावे लागते. दुसरा उपाय १९९० च्या दशकात रुळला. त्यात यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारतांवर ऐकते आणि त्यांची तुलना करून मिठाचा आवाज वजा करते. ज्यास लोखंडाचे तुकडे टाळावयाचे आहेत त्याने हे घ्यावे.

आणखी काही गोष्टी घेणाऱ्याने विचारून घ्याव्यात. पुष्कळ यंत्रांचे केवळ खालचे वेटोळे पाण्यात चालते, वरची पेटी भिजली की संपली; लाटांत जाणाऱ्यास सर्वांगाने जलाभेद्य यंत्रच हवे. वेटोळे फार मोठे असेल तर खोलवर ऐकू येते, पण पाण्यात ते ओढताना हात भरून येतात. डब्यांच्या झाकणांवरील ॲल्युमिनियमच्या कड्या टाळण्यासाठी यंत्र तसे लावून ठेवले, तर त्यांच्यासारखाच आवाज देणारी सोन्याची अंगठीही टाळली जाते. खणण्यासाठी लांब दांड्याचा, झाऱ्यासारखा भोकांचा डाव घ्यावा. शोध ओहोटीला करावा, आणि घरी परतल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे.

आपल्या किनाऱ्याचीही एक अडचण आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या येथील वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड, काळी खनिजे आहेत. मीठ आणि काळी वाळू एकत्र आली की एका वारंवारतेचे यंत्र एकाशी जुळवावे तर दुसऱ्याशी बिनसते. अशा किनाऱ्यावर स्पंदपद्धतीचे यंत्र अधिक भरवशाचे.

शेवटी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगितली पाहिजे. आपली हरवलेली वस्तू शोधणे वेगळे आणि भूमीत दडलेली पूर्वजांची वस्तू खिशात घालणे वेगळे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. १९७२ चा पुरावशेषांविषयीचा कायदाही लक्षात ठेवावा. गोव्याच्या समुद्रातील सुंची खडकापाशी दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना फुटलेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हत्तीचे दात होते, चिनी मातीची भांडी होती. प्रत्येक वस्तू कोठे पडली होती याची नोंद झाली म्हणूनच त्या जहाजाची गोष्ट आज सांगता येते. कुणी त्यांतील एक दात उचलून दिवाणखान्यात ठेवला असता, तर तो नुसता दात उरला असता.

माझ्या विद्यार्थ्याने पुढे ओळखीच्या एका गृहस्थाकडून स्पंदपद्धतीचे यंत्र मागून आणले. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही दोघे त्या जागी गेलो. यंत्र शांत होते. आवाज आला म्हणजे खाली खरोखरच धातू असे. दोन संध्याकाळी खणून आम्हाला मासेमारीच्या जाळ्याची शिशे, पाच-सहा नाणी आणि एका लहान मुलीचे चांदीचे पैंजण मिळाले. पैंजणाची मालकीण पलीकडच्याच वाड्यात निघाली. अंगठी अजून मिळालेली नाही. पुढच्या अमावास्येला पुन्हा जावयाचे ठरले आहे.