लहरींचे गायरान

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना घरातल्या रेडिओचा परवाना आठवत असेल. टपाल कचेरीत जाऊन वर्षाचे शुल्क भरायचे आणि छोट्या पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्यायची. १९८०च्या दशकात ही पद्धत संपली, पुस्तिका रद्दीत गेल्या. १९३३चा बिनतारी संदेशवहनाचा कायदा मात्र जागेवरच राहिला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हादेखील या कायद्याने गुन्हा होता. त्याच कायद्यात सरकारला सूट देण्याचा अधिकारही होता. आज घराच्या भिंतीवर दिसणारा वाय-फायचा डबा भारतात कायदेशीर झाला तो या सुटीच्या आधाराने. २०२३च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, पण 'आधी बंदी, मग सूट' ही चौकट तशीच आहे.

लहरींचा कारभार समजायला जमिनीचा दाखला उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या फेब्रुवारीत, बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. या मालमत्तेचे सरकार पट्टे पाडते. एक आकाशवाणीला, एक विमान वाहतुकीला, एक सैन्याला. काही मोबाइल कंपन्या लिलावात घेतात. त्यांचा जणू सातबाराच तयार होतो. थोडे पट्टे मात्र कोणाच्याच नावावर नसतात. अटी पाळून कोणीही तिथे यावे. हे लहरींचे गायरान. वाय-फायचा सगळा संसार या गायरानावर उभा आहे.

गायरानाला सहसा गावची नापीक जमीन येते, तसेच इथेही झाले. १९४७मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी बाजूला काढल्या. मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट याच पट्ट्यात. दळणवळणाच्या दृष्टीने ही टाकाऊ जागा. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने असे तीन पट्टे दळणवळणासाठी परवान्याविना खुले केले. शक्ती एक वॉटपर्यंत. दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही आणि आपल्याला झालेल्या अडथळ्याची तक्रार करायची नाही. शिवाय संदेश एका अरुंद रेषेवर न पाठवता रुंद पट्ट्यावर विखरून पाठवायचा. हे विखुरण्याचे तंत्र तोवर मुख्यतः लष्कराच्या वापरात होते.

दुकानांतील रोकड-यंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला ती यंत्रे तारांशिवाय जोडायची होती. तिचे अभियंता व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली आयईईई या संस्थेची ८०२.११ समिती १९९०पासून काम करू लागली. १९९७मध्ये तिचे पहिले मानक आले. त्यात रेडिओच्या दोन पद्धती होत्या आणि दोन्ही विखुरण्याच्या. वेग सेकंदाला एक किंवा दोन मेगाबिट. जगभर एकच यंत्र चालावे म्हणून २.४ गिगाहर्ट्झ निवडले गेले, कारण अमेरिकेने खुला केलेला ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा युरोपात मोकळा नव्हता. या पट्ट्यात कोणालाच संरक्षण नसल्यामुळे 'आधी ऐका, मग बोला' ही शिस्त मानकात घालावी लागली. अभियंत्यांनी कागदावर आखलेल्या या रेषांच्या मागे नियमांची कुंपणे स्पष्ट दिसतात.

कुंपण किती अडवते, हे १९९९नंतर कळले. त्या वर्षी दोन नवी मानके आली. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५४ मेगाबिटचा वेग मिळाला, २.४मध्ये मात्र ११चाच. वेगाचे नवे तंत्र आयोगाच्या 'विखुरण्या'च्या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून जुन्या पट्ट्यात त्याला मज्जाव होता. २००२मध्ये आयोगाने अट सैल केली आणि २००३मध्ये तोच ५४चा वेग २.४वरही आला.

५ गिगाहर्ट्झच्या काही भागात रडार आधीपासून होते. म्हणून २००३च्या ८०२.११एच या मानकात नवे कलम आले. यंत्राने रडारचा कानोसा घ्यावा आणि चाहूल लागली तर वाहिनी सोडावी. अशा वाहिनीवर बोलण्याआधी किमान एक मिनिट ऐकत राहावे, असा नियम आहे. राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे नाव कधी कधी उशिरा दिसते, त्याचे एक कारण हे.

भारतात २००५च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा खुल्या जागेतील वापरासाठीही परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झला तेव्हा सूट मिळाली ती इमारतीच्या आत. बाहेरच्या वापरासाठी २००७मध्ये ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा तुकडा मिळाला. अमेरिकेत बाहेर वापरायचा पट्टा ५७२५ ते ५८५० होता. म्हणजे तिथल्या मोजमापाने घडलेले यंत्र आणि इथला कायदा यांच्यात सामाईक जागा उरली जेमतेम २५ मेगाहर्ट्झ, एका वाहिनीपुरती. मोठी मोकळीक यायला २०१८चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले.

शहरातल्या खोलीत या फरकाने फारसे बिघडत नाही. डोंगराळ मुलखात बिघडते. आमच्या बीड जिल्ह्यातले कपिलधार बालाघाटच्या डोंगरांतील दरीत आहे. वर कडा, खाली धबधब्याचे पाणी, जवळच मन्मथस्वामींची समाधी. दिवाळी सरली की कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात. अशा दरीत लहरींचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, २.४ची १२; त्यांना समोरासमोर दिसणारा मार्ग लागतो, झाडोराही त्यांना अडवतो. जुन्या दूरदर्शनच्या ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी साठेक सेंटिमीटरच्या. त्या झाडी पार करतात, उंचवट्याला थोड्या वळसा घालून पलीकडे जातात. खेड्याला हव्यात त्या या लहरी.

त्या मोकळ्याही होत्या. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला. दूरदर्शनच्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सर्वत्र वापराविना पडून असल्याचे त्यांनी २०१४च्या सुमारास दाखवले. प्रा. अभय करंदीकर यांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील सात खेडी प्रायोगिक परवान्यावर याच लहरींनी जोडली. मानकांची वाणही नव्हती: या पट्ट्यासाठी ८०२.२२ हे २०११मध्ये आले, पाठोपाठ ८०२.११एएफ. नव्हती ती कायद्याची सूट. पुढे प्रकल्प २५ गावांपर्यंत वाढला, तेव्हा परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झची यंत्रे घ्यावी लागली. २०१७मध्ये 'ग्राममार्ग'ला मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. दूरदर्शनचा पट्टा मात्र गायरानात आला नाही.

मानक म्हणजे तंत्रज्ञांचा निखळ निवाडा, असा आपला समज असतो. हा इतिहास वेगळे सांगतो. जिथे सूट मिळाली तिथे मानकाला बाजार मिळाला, यंत्र स्वस्त झाले आणि ते पालघरच्या पाड्यापर्यंत पोचले. जिथे सूट नाही, तिथे चांगले मानकही कपाटात राहिले. २०२५च्या मे महिन्यात केंद्राने ६ गिगाहर्ट्झमधील आणखी ५०० मेगाहर्ट्झ मोकळे करण्याचा मसुदा काढला. स्वागतार्ह आहे, पण त्याचा मुख्य भर घराच्या चार भिंतींआतील कमी शक्तीच्या वापरावर आहे. शहरातल्या सदनिकेत त्याने वेग वाढेल. डोंगराआडच्या वस्तीला वेगाआधी पोच लागते, आणि ती पोच असलेल्या लहरी अजून कुंपणाआड आहेत. गायरान किती वाढले याचे आकडे दरवेळी छापून येतात; ते कोणाच्या वस्तीजवळ वाढले, हेही विचारायला हवे.