जप्तीनंतरची रांग

वलगावचा पेढीवरचा पूल ओलांडताना गाडगेबाबा आठवतातच. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना इथेच त्यांनी प्राण सोडला. सावकारानं त्यांच्या मामाचं शेत कसं गिळलं, ही गोष्ट शाळेतच ऐकलेली. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मावशीनं प्लास्टिकच्या पिशवीतून ठेवपावत्या काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. जादा व्याजाचं आमिष दाखवणारी ती कंपनी बुडून बरीच वर्षं झाली. "जप्त तं केलं म्हन्ते, मंग माये पैसे काऊन भेटून नाई राह्यले?"

मी इंजिनिअर, वकील नाही. तरी शोधायला बसलो आणि थेट १९९२ मध्ये पोचलो.

हर्षद मेहताचा घोटाळा वेबसिरीजमुळे आपल्या पिढीला पाठ आहे. त्यानंतरचं न्यायालय मात्र फारसं कुणाला माहीत नाही. जानकीरामन समितीनं घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर काढला. ६ जून १९९२ ला अध्यादेश निघाला आणि मुंबईत विशेष न्यायालय आलं. उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश, हे खटले दुसऱ्या कुणी चालवायचे नाहीत, अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. अधिसूचनेत नाव आलं की त्या दिवसापासून मालमत्ता जप्त. यापेक्षा वेगवान रचना कागदावर तरी सुचत नाही.

प्रत्यक्षात मारुती उद्योगच्या पैशांच्या प्रकरणात मेहताला शिक्षा व्हायला सप्टेंबर १९९९ उजाडला. ३१ डिसेंबर २००१ ला तो कोठडीतच वारला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर, जानेवारी २००३ मध्ये आला. जप्त मालमत्तेचा निपटारा तर तीस वर्षांनंतरही पुरता झाला नव्हता. अपिलाची एक पायरी वाचली, पण कोणता शेअर कुणाचा, कर किती, बँकांचं देणं किती, हा गुंता तसाच राहिला. सर्व्हर कितीही वेगवान करा, डेटाबेस अडकला की रांग तिथे लागते. हे आम्हाला रोजचं आहे.

शिवाय त्या कायद्यात वसुलीतून आधी सरकारी कर, मग बँका, असा क्रम होता. मावशीसारख्यांसाठी महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला: ठेवीदारांचं हितसंबंध संरक्षण, म्हणजे एमपीआयडी, २९ एप्रिल १९९९ पासून लागू. फसवणुकीला सहा वर्षांपर्यंत कैद, सरकारी अधिसूचनेनं जप्ती, ती सांभाळायला उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी, वर नियुक्त न्यायालय आणि आलेला पैसा ठेवीदारांत न्याय्य वाटून द्यायचा. हेतू चांगलाच होता. पण २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं कायदाच घटनाबाह्य ठरवला. असा कायदा करायचा अधिकार राज्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून स्पष्ट व्हायला २०११ उजाडलं.

मग एनएसईएल. जुलै २०१३ मध्ये व्यवहार ठप्प, सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले. ही 'वित्तीय आस्थापना' आहे का, याच मुद्द्यावर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं जप्ती रद्द केली आणि २२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा कायम केली. म्हणजे कायदा लागू होतो की नाही, एवढं ठरायलाच जवळपास नऊ वर्षं.

एमपीआयडी आला त्याच १९९९ साली दक्षिण आफ्रिकेनं प्रिटोरियात व्यापारी गुन्ह्यांचं खास न्यायालय सुरू केलं. तिथे सरकारी वकील तपासाच्या सुरुवातीपासूनच पोलिसांसोबत बसत, त्यामुळे कोर्टात येणारा खटला पक्का होऊन येई. नव्या न्यायाधीशापेक्षा मला ही बैठक महत्त्वाची वाटते. आपण जप्तीची घाई केली; हिशेब तपासणारी, मालमत्ता विकणारी, दावे पडताळणारी माणसं तेवढ्या घाईनं नेमली नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याच्या टेबलावर महसुलाची बाकी कामंही असतातच.

हे सगळं मी मावशीला तासभर समजावलं. तिनं पावत्या पुन्हा पिशवीत भरल्या. "थे सारं असू दे. यादीत माय नाव हाये का, थे पाह्य पहिले."